लोकरीची सवत

मित्रांनो, मी एक अर्धवट गुराब आहे. गुराब म्हणजे मराठी आरमारातलं लढाऊ जहाज. पुढे लांब टोकदार नाळ, दोन डोलकाठ्या, आणि नाळेवरून सरळ समोर डागायच्या तोफा. खऱ्या गुराबा कोकणातल्या खाड्यांमध्ये उभ्या राहायच्या. मी फरीदाबादला एका फ्लॅटच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या टेबलावर उभी आहे. माझी लांबी हातभर. समुद्र मी कधी पाहिलेला नाही.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. यंत्राने पातळ प्लायमधून माझा कणा आणि फासळ्या कापल्या. शिवणीच्या लाकडाच्या पट्ट्या काढून माझ्या फळ्या केल्या. शिडांचं कापड, दोरांची रिळं, पितळेच्या बोटाएवढ्या तोफा, सगळं पुड्यांत भरलं आणि एका खोक्यात घातलं. तेव्हा मी नुसते तुकडे होते. आमच्यासारख्यांना जोडणारा माणूस भेटला, तरच आमचं जहाज होतं.

दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर महाराष्ट्र सदनात हस्तकलेचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे मला हेमलताबाईंनी विकत घेतलं. त्यांचे यजमान श्रीरंगराव केंद्र सरकारच्या नोकरीतून नुकतेच निवृत्त झाले होते, आणि डाळीला फोडणी कशी द्यावी हे दिवसभर बाईंना शिकवत होते.

"हे घ्या," खोकं त्यांच्यापुढे ठेवत बाई म्हणाल्या. "ऑफिसातल्या फाइली संपल्या ना? आता हिच्यात डोकं घाला. माझ्या किचनमध्ये नको."

श्रीरंगरावांनी खोकं उघडलं, नकाशा पसरला आणि वाचत बसले. पुढ्यातला चहा गार झाला. दुसऱ्या दिवशी ते बाजारातून वाकवता येणारा दिवा आणि मोठं भिंग घेऊन आले. त्या दिव्याच्या उजेडात माझा कणा उभा राहिला. मग एक एक फासळी बसली. त्यांच्या हाताला घाई नव्हती. फासळी तिरकी वाटली तर ते ती गोंद ओला असतानाच काढायचे आणि पुन्हा बसवायचे. मित्रांनो, कोणीतरी आपल्याकडे इतकं नीट बघतंय, यासारखं सुख नाही. मला ते फार आवडायला लागले. आणि त्यामुळेच मला बाई आवडेनाशा झाल्या.

फळ्या वाकवायच्या तर आधी पाण्यात भिजवाव्या लागतात. श्रीरंगरावांनी त्या दुधाच्या पातेल्यात भिजवल्या. वाकवलेली फळी गोंद सुकेपर्यंत दाबून धरावी लागते. त्यासाठी त्यांनी बाल्कनीतल्या दोरीवरचे कपड्यांचे चिमटे आणले.

"अहो, माझे चिमटे!" बाई बाल्कनीतून ओरडल्या. "ओले कपडे काय डोक्यावर घेऊन उभी राहू?"

"फळी सुटेल गं. उद्या देतो."

"उद्या उद्या करत निम्मी दोरी रिकामी झाली. गुराब कसली ही, सवत आहे माझी. आणि तीही मीच पैसे मोजून घरात आणली!"

श्रीरंगराव हसले. बाईही हसल्या. मी मात्र तो शब्द मनावर घेतला. सवत तर सवत. बाई "जेवायला चला" म्हणाल्या की ते उठायचे, तेव्हा माझा जळफळाट व्हायचा. संध्याकाळी बाई त्याच खोलीत दिवाणावर बसून विणायच्या. दर हिवाळ्याला नवऱ्यासाठी एक स्वेटर, असा त्यांचा नेम होता. माझ्यावर काम करता करता श्रीरंगराव मध्येच मान वर करून त्यांच्याकडे बघायचे. तेवढा वेळ त्यांचा हात माझ्यावर थांबलेला असायचा. मला वाटायचं, ही बाई खोलीत नसती तर बरं.

मार्च महिन्यात बाई खरंच खोलीत नव्हत्या. त्यांना एका सकाळी हॉस्पिटलात नेलं. त्या परत आल्या नाहीत.

तेव्हा माझी डावी बाजू फळ्यांनी भरून झाली होती. उजवीकडे फासळ्या उघड्या होत्या. मला वाटलं, आता हा माणूस सगळा वेळ मला देईल. दुसरं होतंच कोण त्यांना? मुलगी मैत्रेयी गुरुग्रामला राहते, ती रविवारी यायची. पण श्रीरंगरावांनी एक जुनी चादर आणून माझ्यावर टाकली. जिवंतपणी बाईंनी मला निम्मे श्रीरंगराव दिले होते. गेल्यावर त्यांनी सगळेच घेतले. चादरीखाली उन्हाळा गेला, पावसाळा गेला. धूळ चादरीतूनही आत येते. माझ्या उघड्या फासळ्यांवर ती बसत राहिली.

नोव्हेंबरात दिल्लीकडची थंडी सुरू झाली. घराघरांत दिवाण उघडून रजया बाहेर काढतात, तसा श्रीरंगरावांनीही उघडला. डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर झाला. रजईखाली बाईंची विणकामाची कापडी पिशवी निघाली. पिशवीत मोरचुदी निळ्या रंगाचा स्वेटर होता. पाठ झालेली, पुढचा भाग झालेला, एक बाही झालेली. दुसऱ्या बाहीची फक्त मनगटाची पट्टी विणून झाली होती, आणि ती अजून सुईवरच होती.

ते पिशवी मांडीवर घेऊन बसले. मग उठले आणि माझ्यावरची चादर ओढून काढली. मित्रांनो, मला किती आनंद झाला! पण त्यांनी मला उचलून टेबलाच्या कडेला सरकवलं. मधल्या जागेवर स्वेटर ठेवला, दिवा त्याच्यावर वाकवला आणि भिंग हातात घेतलं.

माझं टेबल. माझा दिवा. माझं भिंग. आणि समोर ती लोकर.

विणकाम त्यांना येत नव्हतं. शेजारच्या भाटिया बहनजींकडून ते शिकले. बहनजी कोवळ्या उन्हात खुर्ची टाकून बसायच्या, त्या आता आमच्याकडे येऊन बसू लागल्या.

"भाईसाहब, सीधा, उल्टा, सीधा, उल्टा. ये क्या कर दिया आपने?"

"उलटाच तर केला... मतलब, उल्टा ही तो किया."

"उल्टे का भी उल्टा कर दिया! भाभीजी देखतीं तो हँस-हँसके गिर जातीं."

विणायचं, उसवायचं, पुन्हा विणायचं. माझी फासळी बसवताना जशी घाई नव्हती, तशी इथेही नव्हती. तोच हात, तीच मान वाकवण्याची पद्धत. ते बाईंची पूर्ण झालेली बाही भिंगाखाली धरायचे आणि टाके किती घट्ट आहेत ते बघायचे. मी सगळं बघत होते. बाईंचा कधी वाटला नव्हता, एवढा मत्सर मला त्या लोकरीचा वाटला. बाई निदान मला सवत म्हणायच्या. लोकर मला काहीच म्हणत नव्हती.

रविवारी मैत्रेयी आली. "बाबा, मी नवा स्वेटर ऑनलाइन मागवते ना. सेम कलर मिळेल."

"मोरचुदी मिळेल?"

"मोरचुदी म्हणजे?"

"हा रंग."

"अच्छा. बघते. पण बाबा यार, ही बोट तरी पूर्ण करा. किती सुंदर होती."

बोट! तरीही मी तिच्यावर रागावले नाही. निदान तिने माझं नाव काढलं होतं.

"आधी हे," श्रीरंगराव म्हणाले. "लोकर जेमतेम पुरेल. आईने या बाहीत धागा तोडून मध्ये गाठ घातली नसती. मीही घालणार नाही. या थंडीत अंगात घालायचाय मला तो."

विणून-उसवून जानेवारीत बाही पट्टीच्या वर चार-पाच ओळी आली. एका दुपारी ते विणत बसले होते. लोकरीचा गुंडा माझ्या पलीकडे वाडग्यात होता आणि धागा माझ्या अगदी समोरून जात होता. दाराची बेल वाजली. गॅसवाला होता. श्रीरंगराव विणकाम हातात तसंच घेऊन उठले. धागा सरकत माझ्या उघड्या बाजूवर आला आणि एका फासळीच्या खरखरीत कडेला लागला.

मित्रांनो, लाकडाला हलता येत नाही, पण अडवता येतं. मी अडवलं. त्या लोकरीचा एक केससुद्धा मी सोडला नाही.

हिसक्याने टाक्यांतून सुई निसटली आणि पडली. श्रीरंगरावांना कमी ऐकू येतं. ते दाराकडे चालत राहिले आणि त्यांच्या हातातली बाही मागे मागे उसवत राहिली.

"अंकल, रुको, रुको!" गॅसवाला ओरडला. "स्वेटर उधड़ रहा है आपका!"

श्रीरंगराव जागच्या जागी थांबले. त्यांनी खाली पाहिलं. त्यांचं सगळं विणकाम गेलं होतं. मनगटाच्या पट्टीच्याही दोन ओळी गेल्या होत्या. त्या बाईंच्या हातच्या होत्या.

"भैया, ये पकड़ो," त्यांनी बाही गॅसवाल्याच्या हातात दिली. "हिलना मत."

"अंकल, मैं तो सिलेंडर..."

"हाँ हाँ. हिलना मत, बस."

गॅसवाला दारात दोन्ही हातांवर बाही घेऊन उभा राहिला. श्रीरंगराव माझ्याजवळ आले आणि वाकले. किती महिन्यांनी त्यांचा श्वास माझ्यावर आला! मला वाटलं, आता ते खुर्ची ओढतील, दिवा माझ्याकडे वळवतील, मला निरखतील. त्यांनी चिमटीने धागा सोडवून बघितला. तो सुटेना. मग त्यांनी खणातून पक्कड काढली, माझी फासळी तिच्यात धरली आणि मोडली.

काड असा आवाज झाला. त्यांनी क्षणभरही विचार केला नव्हता.

गॅसवाला गेल्यावर त्यांनी पट्टीचे टाके एक एक करून सुईवर घेतले. मग हात थांबवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुलापण आत्ताच अडवायचं होतं?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "एकच गोष्ट करू शकतो गं मी एका वेळी."

त्यानंतर मी त्या लोकरीला आडवी गेले नाही. धागा समोरून जायचा, मी जाऊ द्यायचे. माझा मत्सर संपला नव्हता, पण मोडलेल्या फासळीजवळ वारा लागायचा आणि गप्प बसावंसं वाटायचं.

बाही पूर्ण झाली तेव्हा थंडी संपली होती. होळीच्या आदल्या दिवशी मैत्रेयी आली, तर वडील स्वेटर घालून बसलेले.

"बाबा! बाहेर तीस डिग्री आहे!"

"म्हणून तर पंखा लावलाय."

एक बाही थोडी सैल होती. भाटिया बहनजी म्हणाल्या, "भाभीजी वाली बात नहीं है, पर बिल्कुल पहनने लायक है." श्रीरंगरावांना यापेक्षा मोठी शाबासकी नको होती.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला टेबलाच्या मध्ये घेतलं. ब्रशने माझी धूळ काढली. डावीकडच्या जोड-फासळीवरून कागदावर आकार काढला आणि उरलेल्या प्लायमधून नवी फासळी कापली. ती बसली, पण सांधा दिसतो. मग उजवीकडच्या फळ्या सुरू झाल्या. सकाळी गारवा असायचा, तेव्हा ते स्वेटर घालूनच कामाला बसायचे.

मित्रांनो, माझं एक ऐका. घरात कोणाचं काही अर्धवट राहिलं असेल, तर त्यावर चादर टाकू नका. थोडं थोडं करा. आणि आपल्या माणसाचा हात दुसऱ्या कशात गुंतला असेल, तर तो मोकळा होईपर्यंत थांबा. आडवं गेलं की काहीतरी मोडतं. शहाणपण म्हणून सांगत नाही, माझ्या अंगावर त्याची खूण आहे.

अजून एक सांगते. गेल्या आठवड्यात त्यांनी एक फळी चिकटवली. सैल बाही ओल्या गोंदाला लागली आणि लोकरीचा एक बारीक केस माझ्या फळीत चिकटून राहिला. मोरचुदी रंगाचा. मला पहिल्यांदा शिसारी आली. युद्धनौकेच्या अंगाला लोकर!

रविवारी मैत्रेयीच्या नजरेला तो पडला. "बाबा, इथे काहीतरी चिकटलंय. काढू?" तिने नख पुढे केलं.

मी अंग आवळून घेतलं. त्या केसाला आता तिनेही हात लावलेला मला चालणार नव्हता.

"राहू दे," श्रीरंगराव म्हणाले. "तिचं आहे ते."