अर्धा आकडा

स्वीडनमधल्या उप्सालात प्रबंध खिळ्याने ठोकावा लागतो. प्रत विद्यापीठातल्या फळीवर हातोड्याने ठोकली, की ती वाचून लेखकाचे वाभाडे काढायला सगळे मोकळे. पण त्याआधी प्रोफेसरांची सही हवी, आणि इल्वा नोरबीचं सगळं काम त्या सहीपाशी अडलं होतं.

प्रोफेसर एकडाल तसे उदार. वेलचीच्या पावाचा मोठा तुकडा दुसऱ्याला देत, श्रेयही बऱ्यापैकी वाटत. चूक मात्र कधी स्वतःच्या वाट्याला येऊ देत नसत.

"चौथं प्रकरण काढा, कुमारी नोरबी. लगेच सही करतो."

"काढणार नाही, प्रोफेसर."

चौथ्या प्रकरणात होतं ते एवढंच. कार्बनला आयोडीन चिकटलेला असतो; त्या कार्बनच्या पाठीमागून दुसरा आयोडीन येतो, जुन्या भाडेकरूला पुढच्या दाराने हाकलतो आणि जागा बळकावतो. या धक्काबुक्कीत रेणू वाऱ्यात छत्री उलटावी तसा उलटतो. उजवा असेल तो डावा होतो. उजवे रेणू प्रकाशाला एकीकडे वळवतात, डावे तितकंच दुसरीकडे. प्रकाशाचं वळण किती झपाट्याने कमी होतं ते मोजून एकडालांनी तरुणपणी अदलाबदलीचा वेग काढला होता, आणि त्यावरच त्यांचं नाव झालं होतं. इल्वाने किरणोत्सारी आयोडीन वापरून नवे भाडेकरू किती शिरले तेच थेट मोजलं. तिचा वेग अर्धाच आला.

"उरलेला आयोडीन तुमच्या नळीतून गळला," प्रोफेसर म्हणाले.

तिने नळ्यांची तोंडं ज्योतीवर वितळवून बंद केली. पुन्हा अर्धा. ज्यात सगळं विरघळवलं होतं त्या ॲसिटोनमधला ओलावा पुन्हा काढला. पुन्हा अर्धा. मग ती कागद घेऊन बसली आणि गळती कुठे आहे ते तिला कळलं. गणित मांडून तिने प्रोफेसरांकडे पाठवलं; ते न उघडता परत आलं.

शेजारच्या टेबलावरचा अरविड म्हणाला, "अगं, एका प्रकरणासाठी एवढा हट्ट कशाला? माझी दोन गेली. प्रबंध कसा हलका झालाय बघ!"

"तुझा आधीपासूनच हलका होता."

कॉफीच्या वेळी कामाचं बोलायचं नाही, हा एकडालांचाच नियम. म्हणून कॉफीच्या वेळीच इल्वा उभी राहिली.

"एक खेळ खेळू या. प्रत्येकाने आपला उजवा हातमोजा द्या."

बाहेर बर्फ होता, त्यामुळे मोजे सगळ्यांकडे होते. लोकरीच्या उजव्या मोज्यांची रांग टेबलावर लागली. प्रोफेसरांचा कातडी, अस्तराचा. तोही त्यांनी नाइलाजाने ठेवला.

"सगळे उजवे. आता एकच उलटते." तिने अरविडचा मोजा आतून बाहेर काढला. "हा झाला डावा. अरविड, हा एका उजव्याशेजारी ठेव. एक इकडे वळवतो, एक तिकडे. दोघं मिळून प्रकाश किती वळवतील?"

"शून्य."

"म्हणजे हिशेबातून किती मोजे गेले?"

"दोन," अरविड म्हणाला.

"आणि उलटला किती?"

प्रोफेसरांनी आपला मोजा उचलला आणि उलटायला गेले. अस्तर अडकलं. त्यांनी बोटं खुपसली, ओढलं. शिवण उसवली, पण मोजा उलटला नाही.

"एक उलटला की एकच कमी होतो, असं मी धरलं," ते शेवटी म्हणाले. "अदलाबदल मोजायची सोडून घट मोजली, आणि घट तर दुप्पट दिसणारच. तीस वर्षं मुलं माझा आकडा पाठ करताहेत."

"हो, प्रोफेसर."

"शिष्टाचार म्हणून तरी 'नाही' म्हणायचं असतं, कुमारी नोरबी!"

"या बाबतीत नाही."

त्यांनी पेन मागितलं. सही करण्याआधी चौथं प्रकरण उघडलं आणि बराच वेळ वाचत राहिले. कॉफी निवली.

"इथे तुम्ही लिहिलंय, 'पूर्वीच्या मोजणीशी थोडा फरक'. हा भित्रेपणा कशाला? 'एकडाल यांचा आकडा चुकीचा' असं स्वच्छ लिहा. नाहीतर सही नाही."

ते वाक्य तिने तिथेच खोडलं आणि नवं लिहिलं. अक्षर सरळ आलं.

शुक्रवारी पहिल्या ठोक्याला खिळा वाकला. तिने तो उपटून दुसरा घेतला. मागून प्रोफेसर म्हणाले, "प्रबंधाच्या चर्चेला पहिला प्रश्न मीच विचारणार. सोपा नसेल."

"विचारा," इल्वा म्हणाली आणि हातोडा उचलला.