दिनानाथ मास्तरांचं शून्य

वैशाख सरत आला की मुरुडच्या किनाऱ्यावर मासेमारीचे मचवे पावसाआधी ओढून वर घेत. त्या काळी त्याची एक रीत होती. मचव्याचा तांडेल तुळशीराम दोरापाशी उभा राहून एकेकाचं नाव पुकारी. ज्याचं नाव येई त्यानं दोराला हात लावायचा आणि मचवा चढला की तांडेलाच्या अंगणात पंगतीला बसायचं. हाक आल्याशिवाय दोराला कोणी शिवत नसे.

शाळेत पदार्थविज्ञान शिकवणारे दिनानाथ मास्तर त्या वर्षी माडाखाली ताटकळत उभे होते, ते या हाकेसाठीच. गेल्या वर्षीपर्यंत त्यांना हाक येई. मग त्यांची जीभ वळवळली. मचवा वाळूत रुतला होता, माणसं दुपारपर्यंत ओढून घामाघूम झाली होती, आणि हे गृहस्थ हसत म्हणाले, "शास्त्रानं बघाल तर काम शून्य! वस्तू हलली नाही म्हणजे काम झालंच नाही." हसले ते एकटेच. तुळशीरामाचा चेहरा उतरला. घरी सगुणाबाईंनी नवऱ्याचे चांगले कान उपटले. "जाऊन माफी मागून या," म्हणाल्या. मास्तर आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. पावसाळ्यात सगुणाबाईंना तापानं गाठलं आणि त्यातच त्या गेल्या.

तेव्हा कोळीवाडा खांदा द्यायला आला, आणि मग येईनासा झाला. मास्तरांचं सगळं बोलणं वर्गात संपे. घरी ते भाताच्या पातेल्याला "झालास का रे?" असं विचारू लागले होते. त्यांना फार एकटं वाटे.

"बुधाजी, धर! कान्हा, धर! अंबाजी, धर!" तुळशीराम पुकारत गेला. नावं संपली. मास्तरांचं आलं नाही.

मचवा ओंडक्यांवरून चढणीच्या मध्यावर आला तेव्हा माणसं दम खायला थांबली. मास्तर उभे होते त्याच माडाच्या बुंध्याभोवती दोराचा वेढा देऊन त्याचं टोक बुधाजीनं धरलं होतं, आणि कान्हा मचव्यामागे ओंडका सारत होता. तेवढ्यात बुधाजीचा पाय घसरला, दोर सुटला नि मचवा मागे घसरू लागला.

वर चढवण्यात घातलेलं काम उंचीत साठून राहतं आणि उतरताना वेग होऊन परत येतं, हे मास्तरांनी फळ्यावर कितीदा तरी लिहिलं होतं. आता ते कान्ह्याच्या अंगावर येत होतं. रीत विसरून मास्तरांनी पळता दोर दोन्ही हातांनी पकडला. तळव्यांची सालटी निघाली, पण वेढा आवळला आणि मचवा थांबला. कान्हा सरपटत बाहेर आला. मचव्यामागे धोंडे लागेपर्यंत मास्तर डोळे मिटून दोर धरून होते. "सोडा, मास्तर, सोडा आता," म्हटलं तरी बोटं उघडेनात.

तुळशीरामानं ते तळवे पाहिले. "मास्तर," तो म्हणाला, "आता सांगा. तुमी दोर धरून व्हतात, तवा किती काम झालं?"

खोटं बोललं असतं तर कोणाला कळणार होतं? पण मास्तरांना ते जमेना.

"मचवा हलला नाही. म्हणजे शून्यच," ते तळव्यांकडे बघत म्हणाले. "तापात सगुणाला धाप लागायची, तेव्हा मी तिला असंच धरून बसायचो रे. तेही शून्यच झालं. गेल्या वर्षी मी नको ते बोललो, तुळशीराम."

तुळशीरामानं वळून दोर उचलला आणि घसा ताणून पुकारलं, "दिनानाथ, धर!"

"त्यांचे हात सोललेत, तांडेल," कान्हा म्हणाला.

"नुसता लावूं दे."

मास्तरांनी दोराला कोपर लावलं. मचवा चढला.

तांडेलाची बायको वेणूबाई हिनं हळद भरून हात बांधून दिले, पंगतीत शेजारी बसून कालवण-भात भरवला. दिवेलागणीला मास्तर घरी आले. बाहेरून लावलेली कडी त्या गाठोड्यांसारख्या हातांनी निघेना.

"सगुणा, कडी काढ गं," सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं.

मास्तर पायरीवर बसले आणि त्यांनी दाराला डोकं टेकवलं.

"आज मला हाक आली गं," ते म्हणाले.