ओढ्यावर थांबलेलं करडू

"चंद्रे, तोंड मिट! दिस डोक्यावर आलाय आन गोष्टी कसल्या सांगतीस? मामा वाट चुकंल त्येंचा!"

बांधावरून साळूबाई ओरडली. डोळ्यांनी तिला हातभरापुढचं दिसत नसे, पण कान असे तिखट की शेजारच्या रानातली कुजबुजही सुटायची नाही. तिच्या सुनेने, चंद्राबाईने, ना खुरपं थांबवलं ना गोष्ट. भुईमुगाच्या भांगलणीत तिच्या दोन्ही अंगांना दोन पोरं बसली होती, सात वर्षांची अंजना आणि चारचा आकाराम.

"तर करडू निघालं मामाच्या गावाला. वाटंत त्येला कोन भेटलं?" चंद्राबाईने खुरप्यानेच बांधाकडे दाखवलं.

"बाभूळ!"

"मग करडू काय म्हनालं?"

"बाभूळबाय, बाभूळबाय, मामाच्या गावाची वाट कंची?" दोघं एका सुरात ओरडली. हेल जबलपूरचा होता, पण शब्द साताऱ्याचे होते.

दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, हे कोरेगावच्या बाजूला शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाकीच्या घरांत ते हसण्यावारी जायचं, कारण त्यांचे मामा बाजाराला जाऊन संध्याकाळी परत यायचे. या पोरांचा मामा म्हणजे चंद्राबाईचा नवरा नाथाजी, आणि तो समुद्रापलीकडे तोफांच्या तोंडी उभा होता. लग्न झाल्यापासून चंद्राबाईला नवरा लाभला तो रजेपुरताच.

पोरं साळूबाईच्या लेकीची. लेक जबलपूरच्या छावणीत नांदत होती. पोरं शहाणी निघावीत म्हणून तिने घरात छावणीचीच हिंदी चालू केली, गावाकडची बोली पेटीतल्या लुगड्यासारखी बाजूला ठेवली. थंडीत ती तापाने गेली. पुढे बापाची बदली सरहद्दीवर झाली, तेव्हा त्याने पोरांना आजोळी आणून सोडलं. पहिल्याच संध्याकाळी अंजना आजीच्या मांडीवर डोकं ठेवून रडत रडत काहीबाही सांगू लागली. साळूबाई तिच्या तोंडावरून हात फिरवत राहिली आणि मग सुनेला म्हणाली, "माज्या लेकीचं कायतरी सांगतीया गं ही. आन मला कळंना झालंय."

ते चंद्राबाईच्या जिव्हारी लागलं. शिकवायचं म्हणजे काय करायचं हे तिला कुठे ठाऊक? ती कधी शाळेची पायरी चढली नव्हती. तिच्याजवळ होत्या त्या गोष्टी, त्यातल्या अर्ध्या तिनेच जुळवलेल्या. रात्री सांगून पाहिल्या. पण लढाईमुळे रॉकेल मिळेना, आणि अंधारात बाभूळ काय नि विहीर काय, पोरांना सगळे नुसते आवाज. पोरं आपली झोपून जायची. दिवसा मात्र करडू बाभळीपाशी आलं की बाभूळ दाखवता यायची, मोटेच्या बैलाशी बोललं की बैल मान हलवायचा. पोरांनी "हूं" म्हटल्याशिवाय ती पुढे सरकत नसे, आणि करडाचं बोलणं त्यांनीच बोलायचं असा दंडक होता. सासूचा धाक होता, नवऱ्याची काळजीही होती. पण डोळ्यांसमोर दोन पोरं मुक्यासारखी बसली होती. तिने मनातल्या मनात देवाला हात जोडले आणि भर दिवसा गोष्ट सुरू केली.

दिवाळीच्या सुमाराला एकदा अंजना आजीच्या डोक्याला तेल लावत होती. लावता लावता आपणहून म्हणाली, "आजी, आई जाताना तुजं नाव घेत हुती. म्हनली, माज्या आईला सांगा, मी लय सुकात हुते."

पोरीला कुशीत ओढून साळूबाई मोकळेपणाने रडली. त्या दिवसापासून बांधावरून ओरडणं बंद झालं. दिवसा गोष्ट चालू असली की म्हातारी तोंड फिरवून बसायची, इतकंच.

आणि नाथाजीची पत्रं यायची थांबली.

आज येईल, उद्या येईल करत पुढचा पावसाळा उजाडला. शेजारच्या गावचा एक शिपाई जखमी होऊन घरी आला. त्याने सांगितलं की मोठी चकमक झाली, नंतर हजेरी घेतली तेव्हा नाथाजी त्यात नव्हता. जित्यात नाही, मेल्यातही नाही.

साळूबाईने ऊर बडवला नाही. ती एवढंच म्हणाली, "लेकीचं बोलनं कळलं, आन ल्योक वाट चुकला."

त्या वेळी करडू ओढ्यापाशी आलं होतं आणि ओढ्याला पूर होता. चंद्राबाईने त्याला तिथेच उभं केलं आणि गोष्ट मिटली. कपाळाला कुंकू लावताना रोज तिच्या मनात यायचं की आपल्याच जिभेने आपण आपल्या माणसाला आडवाटेला लावलं. पोरांनी पुढचं मागितलं तर ती म्हणायची, "मामा वाट चुकलाय. त्यो आल्याबगर न्हाई सांगायची."

पोरांचं बोलणं मात्र थांबलं नाही. ते आता गोष्टीवाचूनच वाढत होतं. गल्लीत भांडून, मार खाऊन, चार शिव्या शिकून आकाराम पक्का गावचा झाला.

लढाई संपली, आणि बऱ्याच दिवसांनी कार्ड आलं. नाथाजी जित्ता होता. जर्मनाच्या कैदेत होता, सुटला होता, आणि अमक्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने कोरेगावला उतरणार होता. साळूबाईने गावभर साखर वाटली. शेजाऱ्याची बैलगाडी घेऊन सगळी टेसनावर गेली. गाडी आली. पलटणीतली तिघं उतरली, घरच्यांनी त्यांना मिठ्या मारल्या.

"कंचा गं त्यो? आला का? मला हात लावू दे त्येला," साळूबाई हात पुढे करून चाचपडत होती.

गाडीने शिट्टी दिली आणि मिरजेच्या दिशेला निघून गेली.

"न्हाई आला, आत्याबाई," चंद्राबाई म्हणाली.

परतताना गाव जवळ आल्यावर अंजना हळूच म्हणाली, "आजी, आमी दिसा गोष्ट न्हाई ऐकली गं. आयशप्पत." साळूबाईने तिला जवळ घेतलं.

दुसऱ्या दिवशी जोंधळ्याच्या रानात आकाराम चार खांबांच्या माळ्यावर उभा राहून गोफणीने पाखरं हाकत होता. बांधापलीकडच्या बाभळीखाली साळूबाई अंजनाला घेऊन बसली होती. चंद्राबाई हरभऱ्याची भाजी खुडत होती, पण हात कुठे आणि मन कुठे. भर दुपार होती. जोंधळ्याच्या पलीकडे पुरुषी आवाज आला.

"बेटा, तुम आकाराम हो ना? घर में सब कैसे हैं?"

"नीट बोला की वो पावनं," आकाराम वरून खेकसला. "काय म्हंता कळंना."

मग आवाज जरा कापरा झाला. "घरात कोन कोन हाय म्हनलं, बाळा?"

"आजी हाय. मामी हाय. मामा न्हाई. मामा वाट चुकलाय."

"कसा काय?"

"मामीनं दिसा गोष्ट सांगितली म्हनून. आमास्नी बोलाय शिकवाय सांगितली. पर चुकला त्यो."

"चुकलाच गड्या, खरं हाय!" तो माणूस हसत होता की रडत होता, कळेना. "कोरेगाव येईस्तोवर जागा हुतो. ऐन टायमाला डोळा लागला, आन उठतोय तर मिरज! रात टेसनावर काढली बघ."

चंद्राबाई हरभऱ्यात मटकन बसली. पदर तोंडात धरून ती हसली, रडली, पुन्हा हसली. एवढाच चुकला होता! मिरजेपर्यंतच! एवढं पाप तर देवसुद्धा हसून सोडून देईल.

नाथाजीचा आवाज ओळखून साळूबाई ठेचकाळत धावत आली, तिने लेकाचं तोंड, कान, खांदे हातांनी चाचपले आणि मग डोळे पुसत ऐटीत म्हणाली, "चुकला का न्हाई? माजं खरं झालं का न्हाई? म्हाताऱ्या मानसाचं ऐकत न्हाईसा!"

"आये, तुजंच खरं," नाथाजी म्हणाला आणि आईच्या खांद्यावरून त्याने बायकोकडे पाहिलं. ती भाजीची टोपली उगाच या हातातून त्या हातात घेत होती.

सगळी बाभळीखाली बसली. नाथाजी पाणी प्यायला. आकाराम त्याच्या बुटांची नाडी ओढून पाहत होता. एकाएकी त्याला आठवलं.

"मामी, मामा आला की आता. करडू आजून वढ्यावरच हुबं हाय. पूर वसरला आसंल न्हवं?"

ऊन डोक्यावर तळपत होतं. चंद्राबाईने सासूकडे पाहिलं. साळूबाईने पदर सारखा केला आणि पाय पसरून ऐसपैस बसली.

"तर," चंद्राबाईने घसा साफ केला, "पूर वसरला, आन करडू वढ्यात उतरलं..."

ती थांबली. हुंकार यायला हवा होता. पोरं मामाकडेच बघत राहिली होती.

"हूं," साळूबाई म्हणाली.