कड्यांची बाजू

बुटीबोरीच्या कारखान्यात तीस वर्षं लोखंड घासून रुपराव निवृत्त झाला. मग त्यानं बेसातल्या घरामागं शेड टाकली आणि जुन्या तलवारींच्या बोथट प्रतिकृती करायला लागला. असल्या वस्तू हौसेनं जमवणारे लोक त्या मागवायचे. पातं रुपराव करायचा आणि म्यानाचं चामडं त्याची बायको गोपिका शिवायची.

महाल भागातल्या दत्तोपंतांनी शाश्का मागितली, तेव्हा ते नाव दोघांनाही नवं होतं. ही रशियातल्या कोसॅक घोडेस्वारांची तलवार. मुठीपाशी हात झाकणारं काहीच नाही. पंतांनी चित्रं आणून दिली. ती समोर ठेवून शिवताना गोपिका थांबली.

"अहो, या चित्रात म्यान लटकवायच्या कड्या धारेच्या बाजूनं हायेत. तुमी पाठीकडून काहून लावल्या?"

"तलवार कमरेले कशी लटकते, ते मले नको शिकवू वं. धार खालीच राहते."

गोपिकानं चामडं टोचायची आरी पुन्हा उचलली. शिवण पुरी केली. पंत स्वतः येऊन शाश्का घेऊन गेले.

चार दिवसांनी रुपराव मोबाइलवर कोसॅक घोडेस्वारांचा व्हिडिओ पाहत होता. एकेकाच्या कमरेला शाश्का, आणि प्रत्येकीची धार वर! त्यानं तो तीनदा पाहिला. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"तुही आरी अन् दोरा घे. महालात जाऊन येऊ."

गोपिकानं त्याच्याकडे पाहिलं, गॅस बंद केला आणि पिशवी घेतली.

पंतांच्या घरी पोचताच रुपरावनं कड्या उलट्या लागल्याचं सांगितलं. "मला त्याच दिवशी कळलं होतं हो," पंत म्हणाले.

"मंग बोलले काहून नाही?"

"तुम्ही ती माझ्या हातात दिलीत, तेव्हा तुमचा खुललेला चेहरा पाहिला. म्हटलं, राहू दे."

रुपरावला कुठं पाहावं कळेना. "चूक माही हाये, पंत. हिनं तवाच सांगतलं होतं. मीच ऐकलं नाही."

पिशवीतून काढलेली आरी गोपिकाच्या हातातच राहिली. एकतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य तिनं पहिल्यांदा ऐकलं, तेही परक्या घरी, पंत आणि त्यांच्या बायकोसमोर. ती मान खाली घालून शिवण उसवू लागली. कड्यांच्या पट्ट्या चामड्याखाली दाबलेल्या होत्या. त्या सैल होताच रुपरावनं फिरवून नीट बसवल्या. मग ती टाके घालत गेली आणि तो म्यान घट्ट धरून बसला. तिनं न सांगता तो ते हवं तसं वळवत होता.

काम झाल्यावर यमुताईंनी नवऱ्याच्या कमरेला पट्टा बांधला. एक्क्याऐंशी वर्षांचे पंत ताठ उभे राहिले. त्यांनी एका झटक्यात शाश्का उपसली आणि भिंतीवरचं कॅलेंडर खाली पाडलं.

"झालं समाधान? आता ती काढा आणि पानावर बसा," यमुताई म्हणाल्या. पाहुण्यांनाही त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही.

पंतांनी तलवार काही काढली नाही. खुर्चीवर तिरके बसून, म्यान एका बाजूला सावरत, ते वरण-भात जेवले. रुपरावनं गोपिकाच्या पानात लिंबाची फोड ठेवली, आणि पंतांकडे पाहून येणारं हसू आवरता आवरता तिला ठसका लागला.