नववा अर्ज

“मंजूर,” असं म्हणून बाईंनी कागद खिडकीतून पुढे सरकवला, आणि पलीकडे उभ्या शिंपीकाकांचं तोंड उतरलं.

ड्रोन उडवण्याच्या परवानगीची ही खिडकी. इथे लोक हातापाया पडायचे आणि बाईंचा आपला नन्नाचा पाढा चालायचा. गर्दीवर नको, एकशेवीस मीटरच्या वर नको, नजरेच्या टप्प्याबाहेर नको, आणि विमानतळाजवळ तर नावच काढू नका. कचेरीत सगळे त्यांना मागून नन्नाबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं.

शिंपीकाकांना त्यांनी ओळीने आठ वेळा नकार दिला होता. दर वेळी जागा विमानतळालगतचीच, फक्त थोडी पुढची. आणि दर वेळी हा गृहस्थ नकारपत्र घेऊन, वर आभार मानून, हसतमुखाने घरी जायचा! हे काय गौडबंगाल आहे, ते बाईंना कळेना. आज नववी जागा मनाईच्या लाल हद्दीच्या जेमतेम बाहेर पडली, म्हणून नियमाप्रमाणे मंजूर.

“आता ड्रोनचा नोंदणी क्रमांक द्या.”

“ड्रोन कुठला माझ्याकडे?” काका म्हणाले. “शिवणयंत्र आहे.”

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. बाई हसल्या नाहीत.

“मग अर्ज कशाला करता? माझी थट्टा चालवलीय का?”

काकांनी पिशवीतून एक कापड काढलं आणि फळीवर पसरलं. त्यावर आठ नकाशे टाके घालून जोडले होते. नकारपत्रासोबत जागेचा नकाशा जोडायचा, असा नियम होता. मंजुरीला दोन ओळींचं पत्र पुरे. आणि कचेरीतला मूळ नकाशा इतक्या वर्षांत कुणी बदललाच नव्हता. विमानतळ व्हायच्या आधीच्या गल्ल्या, घरं, झाडं, सगळं त्यावर जसंच्या तसं होतं. वरून फक्त लाल रेघा मारलेल्या.

“ही आमची वस्ती. उठवली त्याला चाळीस वर्षं झाली,” काका म्हणाले. “घराचा क्रमांक आठवत नाही, म्हणून शाळेपासून सुरुवात केली. एकेक गल्ली शोधत आलो. आता पुढच्या तुकड्यात घर येणार.”

“आणि ते कशाला हवंय?”

काकांनी कापडाची एक सुरकुती हाताने सारखी केली.

“बायकोचं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं, असं घरात सगळे म्हणतात. पण एक गोष्ट ती धरून बसली होती. दारातून बाहेर पडलं की विहीर डाव्या हाताला. मी म्हणायचो, उजव्या. एकदा ओरडलो तिच्यावर, सुनेदेखत. म्हटलं, तुला काही म्हणजे काही आठवत नाही. त्या दिवसापासून ती गप्प आहे. कुणाशीच बोलत नाही. मला बघायचंय, चुकलं कोण ते.”

बाईंनी अर्ज परत ओढून घेतला. नकाशा नुसताच छापून देणं नियमात नव्हतं, आणि नियम मोडणं बाईंच्या रक्तात नव्हतं. त्यांनी अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला.

“उंची किती लिहिलीत?”

“साठ मीटर.”

“मर्यादा किती?”

“एकशेवीस. तुमच्या भिंतीवरच लिहिलंय की.”

“मग हा अर्ज मागे घ्या. नवीन भरा. उंची दोनशे लिहा.”

काकांनी भिंतीवरचा एकशेवीसचा आकडा पुन्हा पाहिला, आणि त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी घाईघाईने नवा अर्ज भरला. बाईंनी नामंजुरीचा शिक्का असा हाणला की शेजारचा कारकून दचकला.

नकाशा छापून आला. काकांनी चष्मा पुसला, कडेला कड जुळवली आणि गल्लीतून हळूहळू बोट पुढे नेलं. पिठाची गिरणी आली. वळण आलं. घरापाशी बोट थांबलं. बाई खिडकीतून जवळजवळ बाहेर आल्या होत्या.

“विहीर कुठाय?”

काकांनी दारापासून विहिरीपर्यंत बोट सरकवलं.

“डाव्या हाताला,” ते म्हणाले. डोळे भरून आले होते. “अगदी डाव्या हाताला! शाबास, म्हातारे!”

बाईंनी टेबलावरचा फोन पुढे केला.

“घरी कळवा ना लगेच.”

“छे छे, फोनवर नको,” काका कापडाची घडी घालत म्हणाले. “हरलेलं तोंड तिला समोर दिसायला हवं.”