सत्तरीतला कोल्हा

यामिनीला बोलून झाल्यावर विचार सुचायचा. गेल्या वर्षीपर्यंत ही मुलगी हजेरीला "हिअर" म्हणतानासुद्धा पुटपुटायची. पण दहावीत आल्यापासून तिच्यात असं काही वारं भरलं होतं, की हात आधी वर जायचा आणि काय बोलायचं ते मागून धावत यायचं.

त्या दिवशीही तसंच झालं. फेब्रुवारी २००७. अमेरिकेतल्या नेपरव्हिलमध्ये गुडघाभर बर्फ साचलेलं, आणि जर्मनच्या तासाला फ्राउ हॅन्सन बाई जर्मनीच्या विद्यापीठांतल्या जुन्या विद्यार्थी-संघांबद्दल सांगत होत्या. रंगीत टोप्या, छातीवरून तिरपा जाणारा रेशमी पट्टा, काही संघांत तलवारबाजी, काहींत नुसती गाणी. आणि एकदा आत घेतलं की मरेपर्यंत भाऊ.

"म्हणजे आपल्या कॉलेजांतली फ्रॅट!" कायल म्हणाला. कायलचं आडनाव इतकं जर्मन होतं की ते लिहिताना त्याचंच स्पेलिंग चुकायचं. "पार्टी!"

यामिनीचा हात वर गेला. "माझे आजोबा होते अशा संघात. १९५७ साली."

सगळा वर्ग वळला. "तुझे? इंडियन आजोबा?" कायल हसला. "आणि माझे आजोबा महाराजा होते!"

हशा झाला. बाईसुद्धा म्हणाल्या, "यामिनी, त्या काळात फार विरळा असणार हं ते. नक्की ना?"

"नक्की! मार्चमध्ये शाळेच्या जर्मन नाइटला मी त्यांना स्टेजवर आणते. पट्ट्यासकट!"

झालं. गेला शब्द.

आता आजोबांकडे पट्टा होता कुठे? त्यांच्या सुटकेसमध्ये होता एक काळापांढरा फोटो. उंच उंच गोऱ्या पोरांच्या मधोमध तरुण मोरेश्वर, डोक्यावर चपटी टोपी, हातात मोठा मग. त्या फोटोची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. जर्मनीत आखेनला यंत्रांचं शिक्षण घ्यायला निघताना मोरेश्वरांनी आईला वचन दिलं होतं, की दारूला शिवणार नाही. आणि त्या संघाच्या, म्हणजे 'टानोविया'च्या बैठकीत प्रत्येकाचा मग भरलेला असलाच पाहिजे असा दंडक. पोरांनी नियम उलटसुलट करून वाचला. मग भरलेला हवा एवढंच लिहिलंय, कशानं ते कुठे लिहिलंय? तेव्हापासून मोरेश्वरांच्या मगात ताक. फोटोत तो मग म्हणूनच पांढरा दिसतो.

यामिनीने इंटरनेटवरून टानोवियाचे रंग शोधले, क्राफ्टच्या दुकानातून रिबिनी आणल्या आणि अख्खा शनिवार आईच्या मशीनवर बसून तीन रंगांचा पट्टा शिवला. पांढरा, हिरवा, सोनेरी. मराठी शाळा बुडवली. रविवारी सकाळी चहाच्या टेबलावर तो आजोबांसमोर धरला.

"टडाऽऽ!"

आजोबांनी चष्मा वर केला. मग खाली केला. मग कप बाजूला ठेवला.

"यामू, हे तर समोरच्या गल्लीतल्यांचे रंग!"

"ऑं?"

"हिरवा वर, मध्ये पांढरा, खाली सोनेरी, हा आपला क्रम. हिरवा मध्ये घालणारे ते दुसरे. हा घालून मी टानोवियाच्या दारात गेलो असतो ना, तर माझी टोपी छपरावर फेकली असती."

बाबा आणि आई हसायला लागले. यामिनीही हसली. "ओके ओके, उसवते आणि नीट शिवते. दोन आठवडे आहेत."

"नको शिवूस," आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम उतरला होता. "बरोबर असता तरी मला घालता येणार नाही. तिसरा रंग माझा नाही."

"म्हणजे?"

"मी बुर्श झालोच नाही कधी. मी कोल्हा आहे."

बाबांना ठसका लागला. "बाबा, काय?"

"खोकून घे आधी, यतीन." आणि मग पन्नास वर्षांत जे कुणी विचारलं नव्हतं, ते आजोबांनी सांगितलं. संघात नव्याने आलेल्या पोराला म्हणतात फुक्स. कोल्हा. त्याला दोनच रंगांचा पट्टा. त्याने गाणी शिकायची, रीत शिकायची, संघाचा इतिहास तोंडपाठ करायचा, आणि शेवटी सगळ्यांसमोर तोंडी परीक्षा द्यायची. पास झाला की तो बुर्श, पक्का भाऊ, आणि मगच तिसरा रंग. मोरेश्वरांची परीक्षा ठरली होती, आणि त्याच आठवड्यात घरून तार आली. वडील गेले. ते तसेच बोटीने परत आले, पिंपरीच्या कारखान्यात लागले, आणि राहिलं ते राहिलंच. दोन रंगांचा पट्टा कुठल्याशा घर बदलण्यात गेला.

"सत्तरी उलटली," आजोबा स्वतःशीच हसले. "अजून कोल्हाच."

"पण आजोबा, स्टेजवर कोणाला कळणार आहे? दोन काय आणि तीन काय! तिथे कोणाला एवढं माहीतपण नाही."

आजोबांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मला कळेल ना, यामू."

आणि ते उठून बर्फ ढकलायला ड्राइव्हवेवर गेले. बाबांनी 'कंबर सांभाळा' म्हटलं, तेही ऐकलं नाही.

कायलचं काय ते सोडा, त्याला ती कधीही गप्प करू शकत होती. पण 'माझे आजोबा होते त्यात' हे तिचं वाक्य आता आजोबांनाच खोटं वाटत होतं. तिने बढाई मारायला म्हणून जे उघडलं, तिथे त्यांची पन्नास वर्षांची खपली होती.

दुसरी एखादी पोर रडली असती, नाइट कॅन्सल केली असती. यामिनीने कॉम्प्युटर उघडला. टानोविया अजून होती! वेबसाइटसुद्धा होती. तिने तीन वर्षांच्या तुटपुंज्या जर्मनमध्ये, खाली घरचा फोन नंबर देऊन, ईमेल ठोकला: माझे आजोबा मोरेश्वर तुमचे कोल्हा आहेत, त्यांची परीक्षा राहिली आहे, आता घेता येईल का? लिंगं-प्रत्यय सगळे चुकले असणार. सेंड दाबल्यावर ते तिच्या लक्षात आलं.

उत्तर आलं ते फोनने, आणि जर्मनीहून नाही, इथल्याच जवळच्या मिलवॉकीहून. एक खणखणीत म्हातारा आवाज इंग्लिशमध्ये म्हणाला, "मी एकहार्ट लोरेंझ. टानोविया, १९६२. मला आखेनहून संघाने नंबर दिला. तुमच्याकडे एक कोल्हा आहे म्हणे?"

"आहे," यामिनी म्हणाली. "पण सर, तो सेव्हंटी-वनचा आहे."

"मग फार उशीर झालाय. रविवारी येतो. आणि त्याला सांगा, म्हातारा झाला म्हणून सोपे प्रश्न विचारणार नाही."

आजोबांना सांगताना यामिनीने दाराची कडी हातात धरून ठेवली होती, पळता यावं म्हणून. आजोबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "कोणाला विचारून केलंस हे?"

"कोणाला नाही. सॉरी."

"हं." त्यांनी गळ्याला हात लावला. "माझा आवाज फुटतोय वरच्या सुरात. गाणं म्हणायला लावेल तो. आलं आहे का घरात?"

पुढचे दिवस काही विचारू नका. आजोबा बाथरूममध्ये जर्मन गाणी, जेवताना संघाच्या इतिहासातली सालं, आणि गाडीत बाबांच्या शेजारी बसून कुठल्याशा संस्थापकांची नावं. आई म्हणाली, "बाबा, भाजीत मीठ बरोबर आहे का ते तरी मराठीत सांगा."

रविवारी लोरेंझ आले. सूट, काठी, आणि सूटवर तिरपा हिरवा-पांढरा-सोनेरी पट्टा. बर्फातून येताना त्यांनी टोपी काढली नव्हती, दारात काढली. आजोबांनी जुना कोट घातला होता, त्यावर पट्टा नाही. दोघांनी हात मिळवला, पण हसले नाहीत. परीक्षक आणि कोल्हा.

"एक अडचण आहे," लोरेंझ आईकडे बघून म्हणाले. "आमच्या बैठकीत स्त्रिया बसत नाहीत."

"काही हरकत नाही," आई गोड हसली. "मग ताक तुम्हीच घुसळा."

लोरेंझनी क्षणभर विचार केला आणि स्वतः दोन खुर्च्या ओढून दिल्या.

परीक्षा जर्मनमध्ये सुरू झाली. स्थापना कधी? आजोबांनी लगेच सांगितलं. रंगांचा अर्थ? हिरवा जंगलाचा, पांढरा दिलेल्या शब्दाचा, सोनेरी मैत्रीचा. गाणं? आजोबा उभे राहून गायले. वरच्या सुरात आवाज फुटला, पण थांबले नाहीत. यामिनीला निम्मंच कळत होतं, तरी तिने बाबांचा हात इतका आवळला होता की त्यांनी तो हळूच सोडवून घेतला.

मग लोरेंझनी काठीवर दोन्ही हात ठेवले. "शेवटचा. आपला झेंडा."

आजोबांनी तोंड उघडलं आणि शब्द सापडेना. सुरुवात केली, अडले. परत सुरुवात केली. कपाळावर घाम आला. यामिनी पुढे सरकली, "आजोबा, मी सांगू का वर्ड?"

"नाही," लोरेंझ म्हणाले. "कोल्हा एकटा उत्तर देतो."

आजोबांनी डोळे मिटले. मग त्यांनी हवेत दोन्ही हातांनी एक मोठा चौकोन काढला. बोटांची कात्री केली, चौकोनाचे तुकडे केले, आणि एकेक तुकडा कोटाच्या आत ठेवल्यासारखा दाखवला. "१९३५," ते म्हणाले. मग सुई-दोरा. तुकडे परत शिवले, एक एक. आणि खालच्या डाव्या कोपऱ्यावर त्यांचा हात थांबला. मूठ उघडली. रिकामी.

"दा... निश्ट्स," ते म्हणाले. तिथे काही नाही. आणि मग हळू मराठीतच, "शिवायचं नाही."

लोरेंझ उभे राहिले.

आई-बाबांना काही कळेना, म्हणून त्यांनीच इंग्लिशमध्ये सांगितलं. १९३५ साली हुकूम आला, की ज्यू भावांना काढा. टानोवियाने नाही म्हटलं आणि स्वतःलाच बंद केलं. झेंडा जप्त होऊ नये म्हणून कापून एकेकाने तुकडा घरी नेला. युद्धानंतर तुकडे परत आले, एक सोडून. तो ज्याच्याकडे होता, तो भाऊ परत आला नाही. तिथे नवं कापड लावायचं नाही, असं ठरलं. "हे भोक ज्याला माहीत आहे," लोरेंझ म्हणाले, "तो टानोवियाचा. बाकी सालं कोणीही पाठ करतं. आता पट्टा हवा. मी जर्मनीहून मागवला तो अजून पोचला नाही."

यामिनी वर धावली. क्रम बरोबर लावून तिने पट्टा परत शिवला होता, कोणी सांगितलं नसताना. जवळून बघितलं तर टाके वाकडेतिकडे.

"दुकानातली रिबीन आहे," ती म्हणाली. "चालेल?"

लोरेंझनी पट्टा उजेडात धरला. हिरवा, पांढरा, सोनेरी. "कापड कुठलं याला महत्त्व नाही. कोण घालतं याला आहे." आणि त्यांनी तो आजोबांच्या उजव्या खांद्यावरून तिरपा घातला. आजोबांची पाठ अशी ताठ झाली, की बाबांनी म्हटलं, "बाबा, तुम्ही उंच झालात."

तेवढ्यात आई दोन मग घेऊन आली. ताक. लोरेंझनी आपला मग संघाच्या रीतीप्रमाणे टेबलावर तीनदा गोल घासला, आजोबांनीही घासला, दोघांनी एका दमात संपवला आणि मग खाडकन टेबलावर आपटले. लोरेंझचे डोळे मोठे झाले.

"यात काय आहे?"

"हिंग, आलं, कोथिंबीर, मीठ," आई म्हणाली.

"मोरो!" ते आजोबांकडे वळले. संघातलं त्यांचं टोपणनाव पन्नास वर्षांनी पहिल्यांदा कोणी उच्चारलं. "तू गेल्यापासून दर शरद ऋतूत प्रत्येक नव्या कोल्ह्याला पहिला मग ताकाचा प्यावा लागतो. मीही प्यायलोय. त्याला 'मोरो' म्हणतात. वचन पाळणाऱ्याचा मग. आणि पन्नास वर्षं आम्ही तो अळणी पितोय! हिंगाचं का नाही सांगितलंस?"

आजोबा हसता हसता रडले, की रडता रडता हसले, यामिनीला सांगता आलं नसतं. तिला एवढंच कळलं, की ते तिकडून निघाले तरी तिथून गेले नव्हते.

जर्मन नाइटला शाळेचं कॅफेटेरिया भरलं होतं. लोरेंझ पहिल्या रांगेत, आजोबा स्टेजवर पट्ट्यासकट, आणि यामिनी माइकपाशी. या वेळी तिने बोलण्याआधी विचार केला होता, आणि तरी तिचा आवाज तेवढाच मोठा होता. तिने ताकाच्या मगाचं सांगितलं, झेंड्याच्या कोपऱ्याचं सांगितलं. फ्राउ हॅन्सन बाईंनी चष्मा काढून पुसला. मग आईने कागदी पेले वाटले, आणि दोनशे लोकांनी ते टेबलावर गोल गोल घासून हिंगाचं ताक प्यायलं. कोणी कोणी तोंडं वाकडी केली, पण संपवलं.

कायल स्टेजपाशी आला. पेला रिकामा, ओठांवर पांढरी मिशी. "सर," तो आजोबांना म्हणाला, "तो पट्टा मी एक मिनिट घालून बघू?"

आजोबांनी पट्ट्यावर हात ठेवला आणि त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आधी कोल्हा हो," ते म्हणाले.