करात बसवलेला प्रश्न

लोकशाहीत सत्य जाणून घेणं हा मतदाराचा पवित्र अधिकार असतो. यंदा राज्याच्या निवडणुकीत ते सत्य म्हणजे दोन्ही उमेदवारांच्या आयकर विवरणपत्राचं चौथं पान होतं. पहिली तीन पानं दोघांनीही जाहीर केली होती. चौथ्यासाठी वाहिन्या महिनाभर घसा फोडत होत्या.

सरकारी रुग्णालयातला डायलिसिस विभाग त्याच्या कितीतरी आधी बंद पडला होता. त्यामुळे एका शिवणकाम करणाऱ्या बाईचा नवरा आठवड्यातून तीनदा बसने शेजारच्या शहरात जायचा आणि परतताना पिशवीत ओकायचा. विभाग कधी उघडणार, एवढंच तिला विचारायचं होतं. उमेदवारांची जाहीर चर्चा ठरली, आणि सभागृहात माईक फिरवायचं काम नेमकं तिच्या धाकट्या दिराला मिळालं.

"वहिनी, रस्ते, शाळा, दवाखाने असलं काही काढू नका. फक्त विवरणपत्रावरचे प्रश्न घ्या, असं आम्हाला बजावलंय."

"तुझा भाऊ मरतोय रे!"

"मला दिसत नाही का? म्हणून तर सांगतोय, करात बसवून विचारा."

कापड कमी पडलं की ती जोड द्यायची आणि जोड दिसू द्यायची नाही. तसाच तिने प्रश्न बेतला.

"साहेब, तुमच्या विवरणपत्रात औषधपाण्याचा खर्च दाखवलाय का? असेल तर तुम्ही उपचार कुठे घेता? कारण आमचा डायलिसिस विभाग सात महिने बंद आहे. तो कधी उघडणार?"

मग पहिला उमेदवार दुसऱ्याकडे वळला. "ऐकलंत? वैद्यकीय खर्चाची वजावट! आता तरी चौथं पान दाखवा!"

"आधी तुमचं दाखवा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अहो, विभाग..." ती ओरडली. पण माईक तिच्या हातात नव्हता. दिराने खाली बघत काढून घेतला होता.

दुसऱ्या दिवशीचा मथळा: 'गृहिणीने फोडला वजावटीचा बॉम्ब.' दुपारी वाहिनीचा वार्ताहर दारात हजर.

"ताई, वजावटीचा सुगावा तुम्हाला कसा लागला?"

"आत या ना. तो बघा सुगावा, खाटेवर पडलाय."

त्याने डोकावून पाहिलं. "आत उजेड कमी पडतो हो. तुम्हीच जरा बाहेर या. चौथं पान आहे का तुमच्याकडे?"

"आग लागो तुमच्या चौथ्या पानाला!"

हे वाहिनीने रात्री उशिरापर्यंत दाखवलं. खाली पट्टी होती: 'पान दडवल्याने मतदार संतप्त.'

शेवटी दोघांनीही ते पान जाहीर केलं. त्यावर सही आणि तारीख होती. मग त्या सहीवर चार दिवस चर्चा झाली.

मतदानाच्या दिवशी शेजारच्या शहराची बस सुटली नाही. सगळ्या गाड्या मतदान कर्मचाऱ्यांची ने-आण करायला घेतल्या होत्या.